‘हँड्सफ्री आहे ना, मग काय बिघडलं?’

वाचकाचं पत्र:

माझे मिस्टर औषध कंपनीत एमआर आहेत. आठवड्यातले चार दिवस स्वतःच्या गाडीने सातारा-कराड-कोल्हापूर असा त्यांचा दौरा असतो. फोन सतत वाजत असतो. कधी एरिया मॅनेजर, कधी स्टॉकिस्ट, कधी डॉक्टरांचे कंपाउंडर. गाडीला ब्लूटूथ आहे, त्यामुळे ‘फोन हातात नाही, नजर रस्त्यावर आहे, मग काय बिघडलं?’ असं ते म्हणतात. पण मी शेजारी बसलेली असते तेव्हा मला दिसतं की बोलता बोलता गाडीचा वेग आपोआप कमी होतो, पुन्हा वाढतो, आणि गाडी हळूहळू पट्ट्यावर सरकते. बोलले की म्हणतात, ‘पंधरा वर्षं चालवतोय, मला शिकवू नकोस.’ खरं सांगायचं तर मीही दिवसातून दोन-तीनदा त्यांना फोन करतेच. घरी सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यामुळे ह्यांचा फोन बंद ठेवा असंही म्हणता येत नाही. मुलगा कॉलेजला स्कूटरवरून जातो, तो हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलतो. हँड्सफ्री खरंच सुरक्षित असतं का? नसेल तर आम्ही नेमकं काय करावं?
– एक वाचक, सातारा

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, हँड्सफ्री सुरक्षित नसतं. फोन हातात धरण्यापेक्षा ते बरं, एवढंच. आणि तुम्ही शेजारी बसून जे पाहिलंत, वेग कमीजास्त होणं, गाडी पट्ट्यावर सरकणं, ती तुमच्या मनाची भीती नाही. लक्ष दुसरीकडे गेलेला चालक ओळखण्याच्या त्याच खुणा आहेत. पुढच्या वेळी आणखी एक पाहा. फोन चालू असताना ते आरशात किती वेळा बघतात? बहुतेकदा आरसे बघणं जवळजवळ थांबतं आणि नजर समोरच्या गाडीच्या मागच्या काचेवर खिळून राहते.

चालवताना लक्ष तीन प्रकारे जातं: नजर हटते, हात सुटतो, किंवा मन दुसरीकडे जातं. ब्लूटूथने हाताचा प्रश्न सुटतो, नजरेचा अर्धामुर्धा सुटतो, मनाचा अजिबात सुटत नाही. मॅनेजर विचारतो, ‘या महिन्यात कराडला किती स्ट्रिप गेल्या?’ तेव्हा मिस्टरांच्या डोळ्यांसमोर रस्ता असतो, पण डोक्यात स्टॉकिस्टचा हिशेब चालू असतो. डोळे उघडे असूनही समोरचं न दिसणं ही खरी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात सिम्युलेटरवर २००१ पासून याचे प्रयोग झाले आहेत. फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल चुकले, ब्रेकवर पाय उशिरा गेला, आणि फोन हातात होता की हँड्सफ्री, याने त्यात फारसा फरक पडला नाही. त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गाडीतल्या आवाजी सूचनांच्या यंत्रणा तपासल्या. काही यंत्रणांच्या बाबतीत काम संपल्यावरही चालकाचं लक्ष पुरतं रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ८० च्या वेगाने २७ सेकंदांत गाडी ६०० मीटर जाते.

तरीही सगळे धोके एका मापाचे नाहीत, हे सांगायलाच हवं, नाहीतर मिस्टर म्हणतील की तुम्ही उगाच घाबरवताय. सगळ्यात घातक म्हणजे नजर हटवणं: मेसेज टाइप करणं, नंबर शोधणं, कुणाचा फोन आहे ते वाकून बघणं. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या पाहणीत मेसेज टाइप करणाऱ्या चालकाला अपघाताचा किंवा अपघात जेमतेम टळण्याच्या प्रसंगाचा धोका २३ पट निघाला. सहा सेकंदांतले ४.६ सेकंद त्यांची नजर रस्त्यावर नव्हती. बोलणं त्याच्या खालचं आहे. पण हँड्सफ्रीवरचा कॉल म्हणजे नुसतं बोलणं नसतं. स्क्रीनवर नाव बघायचं, बटण दाबायचं, आवाज कमी-जास्त करायचा, मधेच दुसरा कॉल आला की तो कापायचा, आणि बोलणं संपल्यावर ‘तेवढा नंबर व्हॉट्सअ‍ॅप करतो’ म्हणून फोन हातात घ्यायचा. मनाचं लक्ष जाण्यापासून सुरुवात होते आणि नजर हटण्यावर गाडी येते, ती अशी.

मिस्टर ज्या रस्त्यावर असतात तिथलंच उदाहरण घेऊ. उसाचा हंगाम, दिवस मावळल्यानंतरची वेळ, कराडच्या पुढे. समोर कारखान्याला चाललेली ट्रॅक्टर-ट्रॉली, वेग ताशी २०. टेल लॅम्प नाही, किंवा आहे पण लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याने, झाकलेला. मिस्टर ८० ने येताहेत, समोरून वाहनं असल्याने दिवे लो बीमवर. अशा वेळी न चमकणारी वस्तू साधारण ५० मीटरवर नजरेत येते. दोन वाहनांच्या वेगात फरक ६० चा, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कमी होतंय. सावध चालकाला धोका कळून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरा, त्यात २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून ट्रॉलीच्या वेगावर यायला आणखी २० मीटर. एकूण ४५. पाच मीटर राखून गाडी वाचली. आता तोच चालक फोनवर आहे आणि ब्रेकवर पाय एक सेकंद उशिरा गेला. लागणारं अंतर ६२ मीटर, हातात आहेत ५०. गाडी ट्रॉलीवर आदळते तेव्हा फरकाचा वेग अजूनही ताशी ४५ च्या आसपास असतो. शिवाय ट्रॉलीचा मागचा भाग उंच. बॉनेट खाली घुसतं आणि मार थेट काचेवर, चालकाच्या तोंडासमोर बसतो. तिथे एअरबॅग आणि सीटबेल्ट दोन्ही अपुरे पडतात.

हा सगळा फरक एका सेकंदाचा आहे. ‘पंधरा वर्षं चालवतोय’ याचं उत्तरही त्यातच आहे. अनुभवी माणसाचा हात सफाईदार असतो, समोरचा काय करणार याचा अंदाज पक्का असतो. पण तो अंदाज बांधायला डोकं रिकामं लागतं, आणि नेमकं तेच फोन घेऊन जातो. पंधरा वर्षांत काही झालं नाही, कारण त्या-त्या सेकंदाला समोर ट्रॉली नव्हती.

मग शेजारी बसून गप्पा मारणंही धोक्याचं का, असं ते विचारतील. फरक आहे. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. पुढे ट्रकने ब्रेक मारला की तो बोलायचा थांबतो, कधी ‘अहो, बघा’ म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला काही दिसत नाही. तो ऐन वळणावरही विचारतच राहतो, ‘ऐकू येतंय का?’

हे त्यांना कधी आणि कसं सांगायचं? चालत्या गाडीत मुळीच नाही. तिथे वाद घालणं हेही लक्ष काढून घेणंच. रविवारी घरी, जेवणानंतर सांगा. एक छोटा प्रयोग करून बघा. त्यांना टेबलावर बोटाने एका लयीत टकटक करायला सांगा, सेकंदाला एक. लय जमली की म्हणा, १०० मधून सात-सात वजा करत मोठ्याने सांगा. दोन-चार आकड्यांतच बहुतेकांची लय अडखळते. टकटक करायला नजर लागत नाही, हात मोकळा आहे, तरी असं होतं. समजावणीच्या भाषणापेक्षा हे त्यांना लवकर पटेल.

आता गाडीतली सोय. त्यांच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथच्या जोडलेल्या उपकरणांत गाडीचं नाव शोधा आणि त्याच्या शेजारचं दातेरी चाकाचं चिन्ह दाबा. आत ‘फोन कॉल्स’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन वेगळी बटणं असतात. पहिलं बंद करा, दुसरं चालू राहू द्या. गाणी आणि नकाशाचा आवाज स्पीकरवर येत राहील, कॉल गाडीच्या स्क्रीनवर येणार नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे, पण ही सोय फार कमी लोकांना माहीत असते. यानंतर ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये जाऊन कॉलची परवानगी फक्त स्टार केलेल्या संपर्कांना द्या, आणि स्टार एकट्या तुमच्या नंबरला ठेवा. तिथेच एक सोय असते, पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करणाऱ्याचा कॉल वाजू देण्याची. ती बंद करा, कारण लागोपाठ दोनदा फोन करणारा बहुधा एरिया मॅनेजरच असतो. सॅमसंगसह बऱ्याच फोनमध्ये गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेलं की हे सगळं आपोआप सुरू होईल असं लावता येतं. तसंच लावा. रोज आठवणीने बटण दाबायचं म्हटलं की आठवड्यात ते सुटतं. आयफोन असेल तर ‘फोकस’मधलं ‘ड्रायव्हिंग’ वापरा, पण लक्षात ठेवा, फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असला तर त्यातही कॉल येतात. तेव्हा ब्लूटूथ बंद ठेवून ‘ऑटोमॅटिकली’ हा पर्याय निवडावा.

नकाशा लागत असेल तर ठिकाण गाडी सुरू करण्याआधी टाकायचं. फोनचा स्टँड समोरच्या काचेच्या मधोमध नको, एअरबॅगच्या झाकणावर तर नकोच. स्टिअरिंगच्या उजवीकडच्या एसीच्या जाळीशेजारी, काचेच्या कडेखाली ठीक. कराडची किंवा पेठ नाक्याची एक्झिट चुकली तर चुकू द्या. पुढच्या पुलाखालून वळून यायला दहा मिनिटं लागतील. एक्झिट चुकल्यावर गच्चकन ब्रेक मारणं किंवा हायवेवर रिव्हर्स घेणं, यातून होणारे अपघात टाळायला मागचा माणूस काहीच करू शकत नाही. नकाशा न लागणाऱ्या ओळखीच्या रस्त्यावर फोन सरळ ग्लोव्ह बॉक्समध्ये.

सॅम्पलची बॅग, टॅब, व्हिजिटची डायरी हे सगळं डिकीत. शेजारच्या सीटवर ठेवलेली बॅग ब्रेक लागला की घसरते आणि चालक ती सावरायला डावा हात टाकतो, नजरही तिकडेच जाते. पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यात घट्ट बसली पाहिजे. पायाशी लोळणारी बाटली ब्रेकच्या पॅडलखाली अडकली तर पॅडल खाली जातच नाही. चालकाच्या बाजूचं मॅट हुकात अडकवलेलं आहे का, तेही बघून घ्या.

कामाच्या फोनचं काय? ही खरी अडचण आहे आणि ती मिस्टरांच्या एकट्याच्या निश्चयाने सुटणार नाही. सातारा ते कोल्हापूर साधारण १२० किलोमीटर. वाटेत उंब्रज, कराड, पेठ नाका, किणी अशी थांबायची ठिकाणं आहेतच, आणि त्यांच्या व्हिजिटही तिथेच असतात. एक थांबा ते पुढचा थांबा हा फोन न घेण्याचा टप्पा, आणि प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं फोनची. मॅनेजरला आणि नेहमीच्या स्टॉकिस्टना एकदाच मेसेज करून ठेवावा: ‘दौऱ्यावर गाडी चालवताना फोन घेत नाही. मेसेज ठेवा, तासाभरात थांबून फोन करतो.’ एमआरच्या कामात तासाभराने न चालणारं फारसं काही नसतं, हे मॅनेजरलाही ठाऊक आहे. पहिले आठ दिवस कुरकुर होईल, मग लोक त्याच वेळा धरून फोन करायला लागतात.

थांबायचं म्हणजे पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा ढाब्यावर, रस्त्यापासून पुरतं आत. हायवेच्या कडेला, अर्धी चाकं डांबरावर ठेवून आणि चारी इंडिकेटर लावून फोन घेणं हा उपाय नव्हे. मागून येणाऱ्या झोपाळलेल्या ट्रकचालकाला उभी गाडी चालती वाटते. वळणावर, पुलावर, घाटात तर कुठल्याही फोनसाठी थांबू नये.

बाकी राहतं ते अंतर. समोरची गाडी खांबाजवळून गेली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायचं. तीन म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे सहापर्यंत मोजायचं. लक्ष क्षणभर कशानेही गेलं, अगदी मुलांच्या भांडणाने, तरी हेच अंतर वाचवतं.

तुम्ही लिहिलंत की तुम्हीही दिवसातून दोन-तीनदा फोन करता. हे प्रामाणिकपणे लिहिलंत ते बरं केलंत, कारण दुसऱ्या टोकाच्या माणसाचा विचार सहसा कुणी करत नाही. फोन लागलाच तर पहिलं वाक्य ‘अहो, गाडीत आहात का?’ हेच असू दे. हो म्हणाले की ‘ठेवते’ म्हणून लगेच ठेवा. ‘एकच विचारते’ नको. जेवायला येणार का, दूध आणायचं का, हे मेसेजवर लिहून ठेवा, ते कराडला थांबून वाचतील. आणि तुम्ही शेजारी असाल तेव्हा त्यांचा फोन तुमच्या पर्समध्ये. रस्ता सांगणं, कॉल उचलून ‘ते गाडी चालवताहेत’ म्हणणं, एसी लावणं, ही शेजारच्या माणसाची कामं आहेत.

मुलाबद्दल मात्र बोलणी-वाटाघाटी करू नका. हेल्मेटमध्ये खोचलेला फोन दोन्हीकडून मारतो. हेल्मेट गालाला घट्ट बसलं तरच काम करतं. फोन घुसवला की ते एका बाजूला सरकतं, आणि जागा व्हावी म्हणून पुष्कळ मुलं हनुवटीचा पट्टाच लावत नाहीत. पडल्यावर तोच फोन गालाच्या हाडावर दाबला जातो. फोन निसटायला लागला की डावा हात हँडल सोडून तो धरायला जातो. स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्याच हाताला असतो, आणि हल्लीच्या बहुतेक स्कूटरना कॉम्बी ब्रेक असतो, म्हणजे तोच लिव्हर दोन्ही चाकं धरतो. हात गेला की ब्रेकही गेला. दोन्ही कानांत इअरफोन घालणं हाही त्यावरचा तोडगा नाही, मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू यायलाच हवा. फोन सीटखालच्या डिकीत ठेवायचा, आणि ही अट मान्य नसेल तर चावी घरी. वयाला न शोभणारी सक्ती वाटेल, पण इथे ती केलीच पाहिजे.

दोघांनाही कायदा माहीत असावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक चालवणं ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलं तर दहा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केंद्रीय नियमांनी फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फोन वापरायची मुभा दिली आहे. ‘हातात धरलेलं’ या शब्दामुळे ब्लूटूथ चालतं असं मिस्टर म्हणतील. दंडापुरतं ते बोलू शकतात, पण वर मांडलेला ट्रॉलीचा हिशेब त्याने बदलत नाही.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न. फोन अजिबात बंद ठेवायचा नाही, म्हणूनच तुमचा एक नंबर स्टार करून ठेवायला सांगितला. पण त्याचा क्रम आधीच ठरवून ठेवा. सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तर पहिला फोन १०८ ला, दुसरा जवळ राहणाऱ्या शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला, तिसरा ज्या हॉस्पिटलमध्ये त्यांचे उपचार चालतात तिथे. हे नंबर, त्यांच्या औषधांची यादी आणि जुना ईसीजी एका पिशवीत घालून दाराजवळ लटकवा. पेठ नाक्यावर असलेले मिस्टर त्या अर्ध्या तासात काहीच करू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना कळवणं चौथ्या क्रमांकावर. दौऱ्याच्या वेळात तुमचा फोन एरवी वाजणारच नाही, म्हणजे वाजला की त्याचा अर्थ त्यांना कळेल. तेव्हा त्यांनी चालत्या गाडीत उचलायचा नाही. इंडिकेटर देऊन डावीकडे यायचं, पुढच्या पंपावर आत शिरायचं, गाडी बंद करायची आणि मग तुम्हाला फोन लावायचा. चुकून उचललाच तर काय झालं ते सांगू नका. ‘आधी गाडी थांबवा, मग मला फोन करा’ एवढंच म्हणा आणि ठेवा. वडिलांची बातमी ८० च्या वेगात कानावर पडली तर पुढचं अख्खं मिनिट रस्ता दिसत नाही. थांबल्यावर सांगा, कोण सोबत आहे, कुठे नेलंय, आणि घाईने निघू नका हेही. कोल्हापूरच्या बाजूला असतील तर एखाद्या सहकाऱ्याला किंवा भाड्याच्या ड्रायव्हरला गाडी चालवायला सांगून, स्वतः शेजारी बसून यावं. अशा दोन माणसांचे नंबर मिस्टरांनी आजच लिहून ठेवलेले बरे.